बिजागरीचा सूड

मी लॅपटॉप बोलतोय. आजच्यासारखा वहीएवढा नव्हे. चांगला जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर करणारा. दातओठ खाऊन बोलतोय, ऐकायचं तर ऐका.

माझा आराखडा श्रीधररावांचा. बॅटरी मोठी घेतली तर वजन वाढे, छोटी घेतली तर मी तासाभरात मान टाकायचो. शेवटी त्यांनी बॅटरी मोठी घेतली आणि वजन माझ्या बिजागरीत वाचवलं. पोलादाऐवजी प्लास्टिक! पडद्याची वायरही त्याच चिंचोळ्या फटीतून नेली. सहकारी म्हणाले, "उघडझाप करून वायर तुटेल." हे म्हणाले, "वजन कमी हवंय की नकोय?"

मग मला सदाशिव पेठेत घरी आणलं. खंडेनवमीला त्यांच्या पत्नीनं, मथुराबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. फार बरं वाटलं हो! दिवसभर श्रीधरराव आल्यागेल्याला माझं झाकण उघडून मिटून दाखवत होते. संध्याकाळी वायर तुटली, पडदा काळा पडला.

कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिनं आत कुंकू सांडलं. गेला!"

तेव्हापासून मथुराबाईंनी घरातल्या एकाही यंत्राची पूजा केली नाही. ताट घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. आणि हे, पाहुणे आले की तोच किस्सा, तेच हसणं. मी माळ्यावर ऐकायचो नि जळायचो. म्हटलं, थांब लेका, एकदा मला खाली तर उतरव.

यंदा उतरवलं. वारज्यातल्या त्यांच्या नव्या सोसायटीनं खंडेनवमीला जुनी यंत्रं मांडली होती. श्रीधररावांनी माईक घेतला. "हा माझा लॅपटॉप. आमच्या हिच्या कुंकवानं..." आणि ऐटीत झाकण उचललं.

मी बिजागरी सोडली. कडाड! झाकण त्यांच्या हातात, मी टेबलावर.

लॅपटॉप दुरुस्त करणारी शेजारची तेजस्विनी वाकून बघू लागली. "काका, वायर आत्ता नाही तुटली. टोकं हिरवी पडलीत. बिजागरीत घासून कधीच गेलीय. डिझाइनचाच प्रॉब्लेम. कुंकवाचा काय संबंध?"

माईक चालूच होता. सगळ्या सोसायटीनं ऐकलं.

मथुराबाई ताट घेऊन पुढे आल्या. "अहो, लावू का आता? की अजून काही बिघडायचं राहिलंय?"

श्रीधरराव बाजूला झाले, झाकण हातात धरून.

माझ्या मोडक्या अंगावर आता भरघोस कुंकू आहे. उद्या मला खुशाल भंगारात द्या. एकच मागणं आहे: ते झाकण तेवढं त्यांच्या दिवाणखान्यात ठेवा, पाहुण्यांना दिसेल असं.