यमपुरीची तात

चुलीतल्या इस्तवाची आण घेऊन सांगते, यातलं अक्षर अन् अक्षर खरं हाय! ज्याला खोटं वाटंल त्यानं आत्ताच उठून जावं.

निजामाचं राज्य होतं. हसनाबादकडच्या एका वाडीत दर बेस्तरवारी ही गर्दी! भुयारमहाराज आल्ता ना. पडक्या देवळाच्या भुयारातून एक दोरी बाहेर आल्ती, तिच्या टोकाला कातडं ताणलेला वाळका भोपळा. महाराज दोरी ढिली सोडायचा अन् झटका मारायचा. दोरीत उंचवटा उठून सरसर भुयारात पळायचा, तसाच माघारी यायचा.

"गेलं बोलावणं! अन् ह्यो पाह्या, आत्मा आला!"

मंग दोरी कच्च ताणून भोपळा कानाला लावायला द्यायचा. आत मेलेलं माणूस बोलायचं!

झुंबरबाईचा धनी रखमाजी प्लेगात गेल्ता. मूलबाळ न्हाई. घरात ती अन् एक गाय. "काय करून राह्यलीस?" म्हणून दिवसदिवस कुणी इचारत न्हवतं. भोपळ्यातून हाक आली, "झुंबर! कशी हायेस?" अन् तिच्या डोळ्याला धार लागली. तिसऱ्या बेस्तरवारी आवाज म्हणाला, "झुंबर, गाय महाराजाला दे. मंग रोज बोलंन."

पुढच्या बेस्तरवारी तिनं गाय सोडली. वाटेत कमरोद्दीन पिंजारी भेटला, कापूस पिंजायची कमान खांद्यावर.

"भाभी, गाय कुठं चालली?"

तिनं सांगितलं. तो गपचिप मागं निघाला.

भोपळा तिच्या कानाला लागला, तसं कमरोद्दीननं दोरीवरून बोट फिरवलं अन् हसला. "महाराज, यमपुरीची दोरी बकऱ्याच्या आतड्याची कशी वो? असलीच तात माझ्या कमानीला हाय."

"हात लावू नको, भस्म होशील!"

त्यानं तात चिमटीत गच्च धरली. "भाभी, बोलून राह्यले का?"

"न्हाई. गप झाले."

सोडली. "आता?"

"बोलून राह्यले."

"अरे वा! यमराज माझ्या दोन बोटांत!"

लोक खिदळले. कमरोद्दीन भुयारात शिरला अन् आत लपलेल्या धर्मराज नावाच्या महाराजाच्या चेल्याला कान धरून बाहेर आणलं. त्याच्या हातात दुसरा भोपळा!

"पण आत्मा पळताना दिसला की," रामराव पाटील म्हणाला.

"पाटील, ती झटक्याची लाट. तात हलती वर-खाली, लाट पळती पुढं. बोलण्याची लाट येगळी. बदनापूरला मालगाडीला इंजन धडकतं, तव्हा धक्का डब्याडब्यातून शेवटपर्यंत जातो का न्हाई? जिकडं धक्का चालला, त्याच रेघंत डबे पुढं-मागं हलतात. बोलणं तातीतून तसंच जातं, पण डोळ्याला दिसत न्हाई. ह्यो दाखवायचा एक लाट, अन् काम करायची दुसरीच!"

तंवर महाराज पसार.

"भाभी," कमरोद्दीन हळूच म्हणाला, "रखमाजीभाऊचा आवाज तुम्ही वळखला न्हाई?"

"पहिल्याच दिशी वळखलं, ते न्हाईत म्हणून. आमचे धनी जलमभर 'अगं ए' म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच न्हाई." तिनं गायीच्या पाठीवर हात ठेवला. "पण भाऊ, कुणीतरी नावानं हाक मारत होतं ना."

तर लेकरांनो, मेलेलं माणूस बोलत न्हाई. डोळ्यानं पाह्यलं, कानानं ऐकलं, तरी एकदा बोट लावून पाह्यत जा. अन् त्या दिवसापासून वाडीतल्या बाया झुंबरबाईच्या दारात जाऊन तिला रोज नावानं हाक मारू लागल्या.

आता आण घेतलीय तर सांगून टाकते. येवढं एक मी पदरचं घातलं. कुणीबी गेलं न्हाई.