आधीचं दहा

हेडफोनचा स्पंज फाटून त्याची काळी भुकटी बोटांना लागत होती, आणि कानात पडद्यावरचा तो पोलीस पुन्हा तेच विचारत होता — व्हॉट्स युअर ट्वेंटी? तुझे वीस काय? तिने टाइप केलं, खोडलं. वय? खोलीचा नंबर? चित्रपटांच्या तळाशी मराठी ओळी लिहिण्यात अर्धं आयुष्य गेलं, आणि आज एका आकड्यापाशी गाडी अडली होती... शेजारच्या खोलीत वडील खिडकीकडे तोंड करून बसले होते. उभी नोकरी पोलिसांच्या वायरलेसवर काढलेला माणूस. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलायला लागले की शब्दाची सुरुवात घशातच राहायची, आणि ती घाईघाईने पुरं करून टाकायची — चहा ना? पंखा ना? — हल्ली ते फारसं बोलायचेच नाहीत.

हेडफोन उतरवून ती त्यांच्या दाराशी गेली. "बाबा, वायरलेसवर ट्वेंटी म्हणजे काय हो?"

मान वळली. "...काण."

"कान?"

"ठि...काण. कुठं आहेस, ते." डोळे लकाकले. "खरा कोड टेन-ट्वेंटी. पुढे लोकांनी टेन गाळलं."

"पण आधी दहा कशाला?"

"...ना सेट —"

जुना सेट ना, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"जुना सेट," ते म्हणाले. "बटण दाबलं की जागा व्हायला वेळ लावायचा मेला. पहिला शब्द खाऊन टाकायचा. म्हणून दहा पुढे करायचं. खा बाबा, काय खायचं ते!" अर्ध्या चेहऱ्याने ते हसले. "ठिकाण पोचलं पाहिजे."

कुठल्याशा खोलीत कुणीतरी बसून हे ठरवलं असेल — हरवणार हे धरूनच चालायचं, यंत्रावर चिडायचं नाही, फक्त एक शब्द हरवायला म्हणून आधी पाठवायचा... केवढी ही माया, आणि तीही आकड्यात! आणि मी? माझ्या माणसाला मी तेवढाही वेळ —

वडिलांचे ओठ पुन्हा हलू लागले होते. चहा असेल, पंखा असेल, की तिला ठाऊकच नसलेलं काही... ती त्यांच्या पलंगाच्या कडेवर टेकली. खोलीत अजून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्या ऐकू न येण्यात एवढं काही भरलेलं असू शकतं याने ती थक्क होऊन, श्वास रोखून, ऐकत राहिली.