नाव छापायची जागा

मी पुण्यात बिअर बनवतो. स्वतःच्या हाताने, चार पिंपांत. तिच्याबद्दल सलग दोन तास बोलू शकतो, म्हणून मित्र माझा फोन उचलत नाहीत.

पहिल्या वर्षी ज्वारीला मोड आणताना दर वेळी बुरशी धरायची. अनसिंगजवळच्या ज्या विमलबाईंकडून ज्वारी घेत होतो, त्यांनाच शेवटी फोन केला. रात्रभर भिजवा, तीनदा पाणी बदला, ओल्या कापडात बांधा आणि सारखं उघडून पाहू नका, असं त्यांनी समजावलं. मोड कशाला हवेत, हे त्यांनी विचारलं तेव्हा लहान मुलांच्या सत्त्वासाठी, असं ठोकून मी मोकळा झालो. बिअर मात्र अशी जमली, की मी बाटलीवर ठळक अक्षरांत त्यांचंच नाव छापलं. विमलबाई, आणि शेजारी कणीस.

यंदा खरं सांगून आभार मानावेत म्हणून येतोय असा त्यांना फोन करून दोन बाटल्या घेऊन निघालो. गावाच्या तोंडाशीच दारूबंदीची पाटी दिसली. किराणा दुकानात पत्ता विचारला तेव्हा कळलं, की इथल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, म्हणजे दारूचं दुकान बंद पाडलं, आणि त्यात विमलबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांचे यजमान दारूनेच गेले होते. गुपचूप गाडी वळवावी असं वाटलं, पण विमलबाई वाट पाहत रस्त्यावरच उभ्या होत्या.

चहा झाल्यावर मी बाटल्या समोर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावून, एकेका अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं.

"ज्यानं माहा मानूस गेला, त्याच्यावर तुमी माहं नाव लिवलं?"

चुकलो, एवढंच मला म्हणता आलं.

त्यांनी एक बाटली उघडायला लावली. वास घेतला, एक थेंब बोटाने जिभेला लावला आणि लगेच थुंकल्या.

"कडू हाय. पर मोड बराबर आले होते."

मग ती बाटली त्यांनी अंगणात आडवी ठेवली. फेस मातीत जिरला. तुमच्यासाठी ठेवलेलं पोतं न्या, शब्द दिला होता, पण पुढच्या वर्षी मागू नका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो.

दुसऱ्या बाटलीवरचा कागद त्यांनी भिजवून काढायला सांगितला. मोरीपाशी बसून मी तो अलगद सोडवला. आता त्या फाडून टाकणार, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी तो पदराने टिपला, आतून बियाण्याचा पत्र्याचा डबा आणला, आणि पिठाची खळ लावून कागद डब्यावर चिकटवला.

"माहं नाव आतापावतर कोनी छापलं नोतं," त्या म्हणाल्या. "पर त्याची जागा हे हाय."