दांडा डावीकडे, लोहोबा उजवीकडे

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे, असं सुरुवातीला माझ्याकडे पाहून कुणीही शपथेवर सांगितलं असतं. छातीवरचा रंग उडालेला, खांद्याला पोचे, गुडघ्यावर गंजाचा डाग. पण ती सगळी लबाडी होती. माझं खरं वय साडेतीन वर्षं. पोचे आप्पांनी हातोडीने मोजूनमापून पाडले आणि गंज वेदिकाने ब्रशने रंगवला. खरा गंज मला पुढे चढला, आणि तो का चढला तेच मला तुम्हांला सांगायचं आहे.

आप्पा लहान असताना रत्नागिरीत मैदानावर तंबू ठोकून सिनेमे दाखवले जात. त्यांतल्या एका काळ्यापांढऱ्या सिनेमात लोहोबा नावाचा यंत्रमानव होता. तो पोरांची दप्तरं वाहायचा आणि चुकला की स्वतःच्याच डोक्यावर टपली मारायचा. पुढे आप्पांचा सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसगाड्यांखाली आडवं होण्यात गेला, पण लोहोबा काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी छंद मंडळ काढलं आणि पहिल्याच बैठकीत जाहीर केलं, "आपण लोहोबा करायचा. हुबेहूब."

मंडळ रविवारी आंबे भरायच्या शेडमध्ये बसायचं. हंगाम सोडला तर ती शेड वर्षभर रिकामीच असते. आप्पांशिवाय मंडळात होता अजिंक्य. त्याचा फोटो स्टुडिओ आहे, आणि मंडळाचा सेक्रेटरी असल्याचा त्याला भारी अभिमान. वेदिका पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. आणि चौथा निलेश, मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याला खरं तर माझा सांगाडा वेल्ड करायला एका दुपारपुरतं बोलावलं होतं. काम झालं, चहा झाला, तरी गडी उठेना. पुढच्या रविवारी न बोलावता हजर!

माझं पोट म्हणजे आमरसाच्या कॅनिंगचा पत्र्याचं पिंप. अजून ऊन तापलं की मला आतून हापूसचा वास येतो. डोकं दुधाच्या कॅनचं, हात स्कूटरच्या सायलेन्सरचे, बॅटरी रिक्षाची. सिनेमाची प्रत कुठेच सापडली नव्हती. एका जुन्या मासिकातले दोन पुसट फोटो तेवढे होते. त्या फोटोंत लोहोबाच्या छातीवर रिव्हेट सतरा की अठरा, यावर आप्पा आणि अजिंक्य तीन रविवार भांडले. शेवटी सतरा ठोकले आणि अठरावा निघालाच तर असावं म्हणून भोक पाडून ठेवलं.

चालवायची पेटी वेदिकाने बिनतारी केली. गळ्यात अडकवायची आणि माझ्या मागे उभं राहायचं. तिच्यावरचा वीतभर लाकडी दांडा आणि चाकं वळवायची जोडणी मात्र निलेशची. दर रविवारी जेटीवरून येताना त्याच्या हाताला डिझेलचा वास असायचा, पण माझी एक वायर जोडण्याआधी तो साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा. मला दर वेळी तोच चालवी. बाकीचे समोर उभे राहून रिव्हेट मोजत. समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं काय कळणार? त्यामुळे दांड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

दीड वर्षाने मी उभा राहिलो. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मला न्यायचं ठरलं. निलेशची मुलगी संस्कृती त्याच शाळेत सहावीत होती. माझ्याशेजारी एक फलक लावला होता, "निर्माते" म्हणून चार नावं. चौथं निलेशचं. स्वतःच्या लग्नपत्रिकेशिवाय त्याचं नाव आजवर कुठे छापून आलं नव्हतं. त्याने तो फलक तीनदा वाचला. संस्कृती तर अख्ख्या वर्गाला ओढून घेऊन आली होती. "ते बघा, ते माझे बाबा! तेच चालवणार हायत लोहोबाला!"

पण प्रमुख पाहुणे आले आणि अजिंक्यच्या अंगात सेक्रेटरी संचारला.

"निलेश, पेटी दे इकडे. पाहुण्यांसमोर मी चालवतो. तू जरा मागे थांब."

"भाऊ, तुम्ही कधी चालवला नाय. एकदा हात बसवून घ्या—"

"अरे, दांडा तर आहे. त्यात काय शिकायचं?"

पाहुणे माझ्या डाव्या बाजूला उभे होते आणि उजवीकडच्या टेबलावर कोकम सरबताचे पेले मांडले होते. अजिंक्यने मला पाहुण्यांकडे वळवायला दांडा डावीकडे लोटला. मी उजवीकडे वळलो. त्याने आणखी जोरात डावीकडे लोटला. मी बापडा हुकमाचा ताबेदार, आणखी जोरात उजवीकडे गेलो. टेबल आडवं झालं, पेले उडाले, शाळेच्या भिंतीला आणि दोन शिक्षकांच्या पांढऱ्या सदऱ्यांना जन्माची आठवण मिळाली, आणि मी तोंडावर पडलो. माझा डावा हात खांद्यातून निखळला.

पोरं हसली. पोरांनी हसायचंच असतं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण अजिंक्यच्या हातात माईक होता आणि तोंड लाल झालं होतं.

"सगळं उलटं जोडून ठेवलंय याने! सातवी पास माणसाच्या हातात वायरिंग दिलं की हे असंच व्हायचं!"

सभागृहात सगळ्यांनी ते ऐकलं. वर्गातल्या दोघीतिघी संस्कृतीकडे बघून तोंडावर हात धरून हसल्या. ती खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिली. निलेशने आधी मला उभं केलं, रुमालाने माझ्या चाकांवरचं सरबत पुसलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर माझ्याशेजारी ठेवला आणि मुलीचा हात धरून तो निघून गेला. मित्रांनो, मला रडता येत नाही, ती सोय फोटोत दिसत नव्हती म्हणून केली नाही. पण त्या दिवशी तिची फार गरज होती.

त्यानंतर मला शेडच्या कोपऱ्यात आडवं केलं. आंब्याचा हंगाम आला तेव्हा माझ्यावर खोकी रचली, पेंढा टाकला. हंगाम सरला, पावसाळा आला, खारा वारा फटीफटींतून आत शिरला आणि वेदिकाने रंगवलेल्या गंजाशेजारी खरा गंज येऊन बसला. माझ्या पोटात एक मांजर व्याली. तिची चार पिल्लं आमरसाच्या वासात वाढली, ती एवढीच माझी त्या दिवसांतली बरी आठवण. "वायरिंग उलटं करायचंय, बघू कधीतरी," असं अजिंक्य म्हणे. मग रविवारी येणं कमी झालं, मग बंदच झालं. का बंद झालं ते तिघांनाही ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

गणपती उरकल्यावर एक दिवस वेदिका आली. वायरी फिरवून टाकाव्यात म्हणून तिने पेटी उघडली आणि बघतच राहिली. प्रत्येक वायर जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली, प्रत्येकीवर बोटीच्या रंगाचा ठिपका, तांबडा तांबड्याला, निळा निळ्याला. इतक्या नीटसपणे कुणी चूक करत नाही. तिने मला उभं केलं, बॅटरी चार्ज केली आणि चालवून पाहिलं. दांडा डावीकडे, मी उजवीकडे. दांडा उजवीकडे, मी डावीकडे. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. पेटी तिथेच ठेवून तिने रिक्षा केली आणि जेटी गाठली.

तिथे काय झालं ते तिने आप्पांना सांगितलं, तेव्हा मी शेजारीच होतो. निलेश इंजिनात डोकं घालून बसला होता, म्हणून ती वाट बघत कठड्यावर टेकली. समोरून एक लहान होडी येत होती. मागे बसलेल्या माणसाने सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला आणि होडीचं नाक उजवीकडे वळलं.

"गो, असं काय डोळे फाडून बगतंस? होडी कधी बगितली नाय काय?" शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या जनी कोळणीने विचारलं.

"बघितली होती, मावशी," वेदिका म्हणाली. "पण दांड्याकडे बघितलं नव्हतं."

निलेश बाहेर आला तेव्हा तिने विचारलं, "दादा, तुम्ही दांडा सुकाणूसारखा बसवलात?"

"मग कसा बसवायचा? मागं उभं राहून हाकायचं, तर दांडा असाच चालतो. लहानपणापासून हात तसाच जातो माझा." तो हात पुसत म्हणाला. "मला कुणी इचारलंच नाय. तुमाला उलटं वाटत असंल तर फिरवा वायरी, दोन मिंटांचं काम हाय. मी काय येनार नाय."

हे ऐकून आप्पा म्हणाले, "दीड वर्ष आपण रिव्हेट मोजले. माणसाला एक प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा." वायरी फिरवायच्या नाहीत, हा दांडा जसा आहे तसाच शिकायचा, असं वेदिकाने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

अजिंक्य दुसऱ्या दिवशी एकटाच जेटीवर जाऊन आला. तो माणूस वाईट नाही हो, नुसता घाईचा आहे. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मी माफी मागितली," तो म्हणाला. "तर तो म्हणाला, भाऊ, मला काय त्याचं? माझ्या पोरीनं आयकलंय ते. तिच्या वर्गानं आयकलंय."

मग माझी तयारी सुरू झाली. आप्पांनी पॉलिश पेपर घेतला. खरा गंज कुठला आणि रंगवलेला कुठला हे त्यांनाही ओळखता येईना, तेव्हा दोन्ही काढले. माझा हात एका दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये वेल्ड करून आणला. शाळेची परवानगी मिळाली आणि एका शनिवारी सकाळी, प्रार्थना झाल्यावर, मला मैदानात उभं केलं.

अजिंक्यने माईक हातात घेतला.

"त्या दिवशी लोहोबा पडला तो निलेशदादांमुळे नाही, माझ्यामुळे. त्यांचं काम बरोबर होतं. मला चालवता येत नव्हतं आणि तसं कबूल करायची मला लाज वाटली. मी त्यांना जे बोललो ते चुकीचं होतं. संस्कृती, तुझ्या बाबांचं काम आमच्या कुणालाच जमलं नसतं."

मग सगळ्यांना दाखवायला त्याने दांडा धरला आणि मला पुन्हा भलतीकडेच नेऊन फाटकाच्या खांबाऐवजी पाण्याच्या टाकीवर टेकवलं. पोरं हसली, आणि या वेळी तोही हसला. पेटी गळ्यातून काढून त्याने संस्कृतीच्या गळ्यात घातली.

बाबांबरोबर होड्यांत वाढलेल्या त्या पोरीने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने दांडा डावीकडे दिला आणि मी अलगद उजवीकडे वळलो. खडे चुकवत, झेंड्याच्या खांबाला वळसा घालून तिने मला अख्ख्या मैदानातून सरळ फाटकाकडे नेलं. येणार नाही म्हणणारा निलेश फाटकाबाहेर स्कूटरला टेकून उभा होता. तिने मला त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबवलं. तिचा सगळा वर्ग मागून धावत आला होता आणि सगळे एकदम विचारत होते, "आम्हांला शिकवाल का, काका?"

निलेशने डोळ्यांवरून बाही फिरवली. मग माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून तो वाकून बघू लागला.

"हा टाका कुणी मारला? कच्चा हाय," तो म्हणाला. "रविवारी बघतो."

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या, तेल द्या, खाऱ्या वाऱ्यापासून जपा, एवढं मी सांगायलाच हवं. पण माझा गंज चार आण्यांच्या पॉलिश पेपरने निघाला. माणसाला चारचौघांत लावलेला डाग तसा निघत नाही. तो चारचौघांतच, त्याच माईकवरून, आपल्याच तोंडाने पुसावा लागतो. तेवढं कराल ना?