दारावरची घोंगडी

अल्व्हिनाने सकाळी शेड उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. फळी रिकामी. एकसुद्धा घोंगडी जागेवर नाही.

त्या काही पांघरायच्या घोंगड्या नव्हत्या. तिचा भाऊ एमेट होता तेव्हापासून इनीपीच्या, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेत बसून प्रार्थना करायच्या, झोपडीवर पडत आलेल्या, लोकांचा घाम आणि धूर पिऊन काळपट झालेल्या. दारावरची हिरवी तर एमेटची फौजेतली. आणि दुपारी आयोनासाठी झोपडी घालायची होती. आयोनाची मुलगी जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर बाईने केस विंचरले नव्हते की कुणाच्या घरी जेवायला बसली नव्हती. आज तिला आत बसवायचं, पोटभर रडू द्यायचं, बाहेर आल्यावर तिचे डोळे पुसायचे, केस विंचरायचे, म्हणजे ती परत माणसांत येणार. घोंगड्यांशिवाय मागे उरला होता वाळुंजाच्या फांद्यांचा सांगाडा. त्यात कोण बसणार, कावळे?

"लॉरेटा! तुझ्या नवऱ्याने माझी शेड धुऊन नेलीय!"

लॉरेटा पिठाचे हात घेऊन दारात आली. "आत्याबाई, दुपारच्या आत आणून ठेवतो म्हणालेत."

"कुठून आणून ठेवतो?"

"त्या केंडलच्या रँचवरून. शहरातल्या कंपनीची माणसं आलीत. मन हलकं करायला."

"आणि माझा भाचा पैसे घेऊन झोपडी घालतो?"

लॉरेटाने पिठाकडे पाहिलं. अल्व्हिनाला तेवढं पुरलं. तिने पिकअप काढली.

रँचच्या फाटकाशी एक पोरगी टोपली घेऊन उभी होती. टोपलीत नुसते फोन. "आजी, तुमचाही ठेवा. आज आपण सगळे जमिनीशी जोडले जाणार आहोत."

"मी जोडलेलीच आहे, बाई. तुझ्या आजोबा-पणजोबांनी तोडायला काय कमी केलं नाही. सरक."

हिरवळीवर झोपडी उभी होती. हिरवळ अशी की गाढवानेही पाय पुसून यावं. झोपडीवर अल्व्हिनाच्या घोंगड्या आणि दाराशी केंडल, डोळे अर्धे मिटलेले, मनगटावर हे एवढं घड्याळ. आतून भाच्याचं, डार्विनचं गाणं येत होतं. गळा अगदी बापाचा, एमेटचा. क्षणभर अल्व्हिनाचे पाय थबकले, आणि थबकले म्हणून तिला आणखीच राग आला.

मग आतून एका बाईचा आवाज आला. उच्चार वेडावाकडा, पण शब्द बरोबर. "मिताकुये ओयासिन!" सगळे माझे नातलग. हे शब्द आले की दार उघडायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, विचारायचं नाही. इनीपीत याहून मोठा नियम नाही.

केंडलने घड्याळात पाहिलं. "थोडं सहन करा! श्वासावर लक्ष द्या!"

बाई पुन्हा ओरडली. या खेपेला आवाजात रडू होतं. गाणं अडखळलं, पुन्हा सुरू झालं.

"दार उघड," अल्व्हिना म्हणाली.

"मॅम, ही पवित्र वेळ आहे. ही एसीत बसणारी माणसं, यांना आपली मर्यादा ओलांडायची—"

"मर्यादा तू ओलांडलीस, मेल्या!" तिने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि हिरवी घोंगडी ओढली. वाफेचा लोट बाहेर आला. मागोमाग एक बाई रांगत आली, तोंड लालभडक, आणि गवतावर आडवी झाली. अल्व्हिनाने बादलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. "हळू श्वास घे. झालं, झालं. तू बरोबर केलंस. चुकले ते दुसरे."

पण अल्व्हिना तेवढ्यावर थांबली नाही. घोंगड्या तिच्या होत्या. एकेक ओढायची, झटकायची, नीट घडी करून ठेवायची. फांद्यांच्या सांगाड्यात पोहायच्या कपड्यांतली माणसं सोललेल्या बटाट्यांसारखी उन्हात बसून राहिली. एकाने टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्याला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

डार्विन मधे बसला होता, हातात दगडांवर पाणी घालायचा बापाचा शिंगाचा पळा.

"ऐकू आलं नाही तुला?"

"आलं, आत्या."

"मग?"

"केंडल म्हणाला, लगेच उघडलं तर लोकांना काही मिळाल्यासारखं वाटत नाही."

"तू एवढासा होतास. आत बसल्या बसल्या तुला मुतायला लागली म्हणून ओरडलास. तुझ्या बापाने तोंडातलं गाणं अर्ध्यावर सोडून दार उघडलं. कुणी हसलं नाही की कुणी रागावलं नाही. आणि तू? ती बाई रडतेय अन् तू गातोयस!"

"आपल्याकडे काम कुठे आहे, आत्या? इथे मला मान देतात."

"मान देतात आणि तुझ्याच झोपडीचं दार बंद ठेवायला लावतात. असला मान कुत्र्याला घाल, कुत्रं हुंगणार नाही. पळा इकडे."

त्याने पळा दिला. देताना मान वर केली नाही.

"पण आम्ही तुमच्या परंपरेचा आदर करतो," केंडल मागून म्हणाला.

"करतोस ना? मग ही थप्पी उचल आणि गाडीत ठेव. खाली टेकवू नकोस."

त्याने उचलली.

डार्विन तिच्या शेजारी पिकअपमध्ये बसला. घरी डार्विनने घोंगड्या चढवल्या, तापलेले दगड आत नेले आणि सवयीने दगडांच्या खड्ड्याशी बसायला वाकला.

"तू बाहेर. दाराशी," अल्व्हिना म्हणाली. "पाणी मी घालणार. तुझे कान आधी दुरुस्त होऊ देत."

आत अंधारात आयोना बायकांमध्ये बसली. दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली, बायकांनी गाणं म्हटलं. मग आयोना रडली, वर्षभराचं रडली. शेवटी तिच्या घशातून काहीतरी निघालं, इतकं हळू की शेजारी बसलेल्या लॉरेटालाही नीट कळलं नाही.

शब्द पुरा व्हायच्या आत हिरवी घोंगडी वर गेली. ऊन आत आलं. डार्विन गुडघ्यांवर वाकून तिच्यासाठी दार धरून होता. डोळ्यांत पाणी होतं.

आयोना बाहेर आली, गवतावर बसली. अल्व्हिना तिच्या मागे टेकली आणि तिचे गुंतलेले केस हातात घेतले.

"बघत काय राहिलास?" ती डार्विनवर खेकसली. "कंगवा आण."