गोट पुरत नाही

टेलरताईच्या हातून कापडाच्या कडेला लावायचा गोट कमी पडला, असं कधी झालं नव्हतं. म्हणून तर कॉलेजच्या गणिताच्या बाईंचं हे काम तिच्या डोक्यात गेलं. वर्गात टांगायला कापडी त्रिकोण. त्याच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध छोटा त्रिकोण, मग त्या साऱ्या बाजूंवर आणखी छोटे, आणि सगळ्या कडेनं लाल गोट. पहिल्या फेरीला गोट पुरला, दुसरीला संपला, तिसरीला नवं रीळ आणलं तर तेही थिटं.

"बाई, कापड तर टेबलाएवढंच आहे, मग मेला गोट जातो कुठे?"

बाई हसल्या. "जितकं बारीक वळाल तितकी कड वाढणार. नक्षीत तीच नक्षी, तिच्यात पुन्हा तीच. ओढ्या-नद्यांचे काठही असेच. लांब काठीनं मोजले तर कमी भरतात, दोरीनं मोजले तर जास्त. दोन्ही मापं खरीच."

ताईचे हात मशीनवर थांबले.

वडिलांच्या जमिनीच्या वाटणीत ओढ्याचा काठ तिनं मोजला होता, शिवणाऱ्याच्या सवयीनं, वळणावळणाला दोरी दाबत. दादा मोजणीदार, त्यानं खुंटीपासून खुंटीपर्यंत सरळ साखळी टाकली. तिचं माप कितीतरी जास्त निघालं. "वाटा वाढवायला खोटं बोलतेस!" दादा चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून बोलणं बंद. लग्न तिनं केलं नव्हतं. हक्काचं असं दादाचं एकच घर, तेही गेलं. संध्याकाळी मशीन थांबलं की खोली खायला उठायची. आणि मनातून तिलाही वाटायचं, आपली दोरी सैल तर पडली नसेल?

बाई गेल्या तसा तिनं आनंदानं दादाला फोन लावला.

"दादा, मी बोलतेय." मग त्रिकोण, गोट, ओढा, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. "तुझंही खरं, माझंही खरं. भांडणच नव्हतं रे आपलं!"

पलीकडे दादा खाकरला.

"मला माहीत होतं. मोजणी शिकतानाच सांगतात ते."

"म्हणजे मी खोटी नाही, हे तुला तेव्हाच..."

"लोकांसमोर बोलून बसलो होतो गं. मागे कसा येणार? जाऊ दे ते. ये ना आता घरी."

'दादाला कळलं नाही, एवढंच,' ह्या समजुतीवर तिनं इतकी वर्षं एकटीनं रेटली होती.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.