आईच्या कपाळावरचा उजेड

वर्षश्राद्धाला लावायचा आईचा फोटो शरदिनीने स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर पाहिला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या चेहऱ्याभोवती सोनेरी फ्रॅक्टल, स्वतःतूनच उमलत जाणारं कॉम्प्युटरचं नक्षीकाम, पसरलं होतं. एका पाकळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, संपायचं नाव नाही. दिसायला देखणं, हे तिलाही नाकारता येईना. पण नक्षीचा सगळ्यात लख्ख गाभा नेमका कपाळावर, आणि त्या उजेडात आईचं रुपयाएवढं कुंकू पार धुऊन निघालेलं.

"कुंकू कुठे गेलं?"

"भैयाजी बोले थे, दीदी," स्टुडिओवाला मुकुल चाचरला. "माथे पर कुछ दिखना नहीं चाहिए. तो फ्रॅक्टल का लेयर डालके ब्लेंड कर दिया."

"हटाओ लेयर."

"सब मर्ज हो गया, अब अलग नहीं होगा. प्रिंट और पुराना फोटो, दोनों भैयाजी ले गए."

भैयाजी म्हणजे तिचा थोरला भाऊ, वेणीमाधव. भिक्षुकी करणारा. वडील गेले तेव्हा आईने बजावलं होतं, "कुंकू मी लग्नाआधीपासून लावतेय." ते लावूनच ती रोज काशीच्या संकठा घाटावरून शाळेत शिकवायला जायची. यजमान नावं ठेवतात म्हणून वेणीमाधव बावीस वर्षं तिच्याशी धड बोलला नाही. तिच्या हातचं जेवायला मात्र त्याला कधी लाज वाटली नाही.

शरदिनी तरातरा घरी आली. फोटोला हार घातलेला, समोर नातेवाईक बसलेले.

"जिवंतपणी पुसता आलं नाही, म्हणून आता मशीनकडून पुसून घेतलंस, दादा?"

"धीरे बोल! फोटो कायम भिंतीवर राहणार. यजमान काय सोचतील?"

तिने देवघरातला करंडा उचलला आणि फोटोच्या काचेवर, त्या लख्ख गाभ्यावर, रुपयाएवढं कुंकू दाबून लावलं.

वेणीमाधव उपरणं सरसावून पुढे आला. शरदिनी बाजूला झाली.

"पूस. दुसऱ्याला सांगू नकोस. सगळ्यांदेखत, स्वतःच्या हाताने पूस आईचं कुंकू."

उपरण्याचं टोक काचेपाशी गेलं आणि तिथेच अडलं.

शेवटी त्याने त्याच टोकाने स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला. सकाळी लावलेलं गंध फिसकटलं, ते त्याला कळलंही नाही.